तारण, पवित्रता आणि विश्वासाने जगणे : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने शास्त्र वाचणारे, जन्माने ख्रिस्ती असून मनात शंका असलेले आणि केवळ कुतूहल म्हणून विचारणारे, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी ही उत्तरे आहेत. मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत तिथे कोणाचे म्हणणे काय, ते सांगितले आहे. वचनांचे आकडे दिले आहेत ते स्वतः उघडून पाहावेत यासाठी.

तारण म्हणजे नेमके काय? कशापासून तारण?

पापापासून आणि पापाच्या परिणामांपासून. पण एवढ्यावर थांबले की गोंधळ सुरू होतो, कारण नव्या करारात तारणाबद्दल तिन्ही काळांत लिहिलेले सापडते. इफिसकरांस २:८ मध्ये तारण झालेले आहे. करिंथकरांस पहिले पत्र १:१८ मध्ये ते होत आहे. रोमकरांस ५:९-१० मध्ये ते होणार आहे.

झाले ते दोषातून. देवापुढे आपल्यावर जो आरोप होता तो येशूने वधस्तंभावर स्वतःवर घेतला आणि विश्वास ठेवणारा नीतिमान ठरला. होत आहे ते पापाच्या पकडीतून. राग, लोभ, वासना, खोटेपणा यांची सत्ता हळूहळू सैल होत जाते, याला पवित्रीकरण म्हणतात. आणि होणार ते मरणातून, पुनरुत्थानाच्या दिवशी. पवित्रीकरणात चार पावले पुढे पडली म्हणजे नीतिमान ठरवले जाणे पक्के होईल, असा हिशेब मनात चालू असतो आणि बहुतेक अडचणी तिथूनच निघतात. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हा हिशेब पुन्हा भेटेल.

म्हणजे मोक्षच ना?

नाही. इथे जन्ममरणाचा फेरा नाही. इब्री लोकांस ९:२७ प्रमाणे माणसाला एकदाच मरण आहे. शेवटही देहातून सुटण्यात नाही. करिंथकरांस पहिले पत्र १५ वा अध्याय सगळाच्या सगळा देह पुन्हा उठवला जाण्याबद्दल आहे. म्हणूनच ख्रिस्ती पवित्रतेत पोट, पैसा, झोप, शरीरसंबंध या गोष्टी क्षुल्लक मानलेल्या नाहीत.

तारणासाठी मी काय करायचे?

हाच प्रश्न फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने मध्यरात्री विचारला होता (प्रेषितांची कृत्ये १६:३०-३४). कैदेत असलेल्या पौल आणि सीला यांच्याकडून उत्तर एका वाक्याचे मिळाले: प्रभू येशूवर विश्वास ठेव. मग त्याच रात्री त्याने या दोघांच्या जखमा धुतल्या, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, त्यांना जेवू घातले. हा क्रम लक्षात ठेवावा. जखमा धुतल्या म्हणून त्याला तारण मिळाले नाही. विश्वास ठेवला म्हणून हात जखमांकडे वळले.

विश्वास म्हणजे येशूबद्दलची माहिती मान्य करणे एवढेच नाही. भुतेही देव एकच आहे असे मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब २:१९ मध्ये म्हटलेलेच आहे. आपला भरवसा आपल्या चांगुलपणावरून काढून येशूवर टाकणे, हा विश्वास. त्याच्या जोडीला पश्चात्ताप येतो, आणि पश्चात्ताप म्हणजे रडणे असे समजण्याची चूक फार होते. जक्कय रडल्याचे लूक १९ मध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करायचे कबूल केले.

तसेच करून पाहावे. एका कागदावर नावे लिहावीत: कोणाचे पैसे बुडवले, कोणाशी खोटे बोललो, भावाच्या हिश्श्याच्या जमिनीत काय केले. प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहावी, परत काय देता येईल किंवा माफी कशी मागता येईल. ज्या कबुलीने तिसऱ्याच माणसाची अब्रू जाईल ती उघड करण्याआधी पाळकांशी किंवा फादरांशी बोलावे. यादी पूर्ण व्हायची वाट पाहत बसू नये. ती तारणाची अट नाही.

सभेत हात वर केला, पाळकांच्या मागोमाग प्रार्थना म्हटली. झाले का तारण?

झाले असेल, नसेलही. ती प्रार्थना मंत्र नाही. शब्द बरोबर उच्चारले म्हणून काही घडत नाही, आणि शब्द अडखळले म्हणून काही बिघडत नाही. सभांमध्ये खरी चूक पुढे होते. फॉर्म भरून घेतला जातो, नंतर कोणी फिरकत नाही आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा हात वर करतो. हात वर केलेल्या माणसाबरोबर त्याच आठवड्यात कोणीतरी मार्ककृत शुभवर्तमान उघडून बसले पाहिजे. सोळाच अध्याय आहेत. आठवड्याला दोन धरले तर दोन महिन्यांत होतात.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कर्मांनी. मग खरे कोणाचे?

दोघे एकाच अब्राहामाचे उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या दिवसांचे. रोमकरांस ४ मध्ये पौल उत्पत्ती १५:६ धरतो. तिथे अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व म्हणून गणले गेले. तेव्हा इसहाकाचा जन्मही झालेला नव्हता. याकोब २:२१ उत्पत्ती २२ कडे बोट दाखवते, जिथे तोच इसहाक वेदीवर आहे. मधे कितीतरी वर्षे गेली. पहिल्या दिवशी विश्वास गणला गेला, दुसऱ्या दिवशी तो जिवंत असल्याचे दिसले. इफिसकरांस २:८-९ वाचणारे बरेच जण दहाव्या ओवीआधीच थांबतात, आणि सत्कृत्यांसाठी निर्माण केल्याची गोष्ट नेमकी त्याच ओवीत आहे.

या मुद्द्यावरून पश्चिमेकडची मंडळी सोळाव्या शतकात फुटली. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये आपली भूमिका ठरवली. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले असे नाही. तरीही ‘कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात’ असे व्यासपीठावरून ठोकून देणाऱ्यांनी तो जाहीरनामा एकदा वाचायला हवा.

बाप्तिस्मा घेतला नाही तर तारण नाही का? लहानपणी झालेला चालतो का?

वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्याची संधी मिळाली नाही, आणि येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले (लूक २३:४३). पण ज्याला संधी आहे त्याने टाळत राहावे, असा अर्थ यातून निघत नाही. नव्या करारात विश्वास ठेवलेला माणूस बाप्तिस्मा पुढे ढकलताना दिसत नाही.

उलट बाजूही पाहावी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटिज येथे झाला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. पुण्याच्या शारदासदनाच्या आणि केडगावच्या मुक्तीच्या संस्थापिकेचे हे म्हणणे आहे. नोंदवहीत नाव आहे म्हणून निश्चिंत बसलेल्या जन्मजात ख्रिस्ती माणसाने ते मनावर घ्यावे.

कॅथलिक, मेथॉडिस्ट आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत बालकांचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. सीएनआय १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली. त्यांत बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही असल्यामुळे तिथे दोन्ही पद्धतींना जागा आहे. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाला आधी शिक्षणाचा काळ असतो आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या जागरणाच्या रात्री होतो. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने एकदा झालेला बाप्तिस्मा या जुन्या मंडळ्या पुन्हा देत नाहीत. दर नव्या अनुभवाला पुन्हा बुडी मारणारे लोक दिसतात. त्यांना बहुधा आश्वासन हवे असते, आणि ते पाण्यात मिळत नाही.

बाप्तिस्म्याने कागदपत्रांत काय बदलते?

आपोआप नाव बदलत नाही. नाव बदलायचे तर राजपत्राची वेगळी प्रक्रिया आहे. पण अनुसूचित जातीचा दाखला असलेल्यांनी हे आधी समजून घ्यावे: संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध व्यक्तीलाच तो दर्जा मिळतो, ख्रिस्ती व्यक्तीला नाही. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. शिष्यवृत्ती किंवा नोकरी त्यावर अवलंबून असेल तर वकिलाला भेटून मगच पाऊल उचलावे. दाखला एकीकडे आणि साक्ष दुसरीकडे असे दुहेरी जगणे पुढे फार जड जाते, आणि पाळकांनी ही गोष्ट लपवून ठेवणे हा तर शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना आईवडिलांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देऊ नये.

तेच पाप पुन्हा पुन्हा होते. तारण गेले का?

ही तळमळ असणे हेच मन मेलेले नसल्याचे लक्षण आहे. योहानाचे पहिले पत्र १:९ विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे: पाप कबूल केले तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे. तारण गमावता येते का, यावर मात्र एकमत नाही. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत देवाने खरोखर धरलेला माणूस शेवटी सुटत नाही; मेथॉडिस्टांचे प्रवर्तक वेस्ली यांच्या परंपरेत जाणूनबुजून पाठ फिरवून तो बाहेर पडू शकतो; कॅथलिक शिकवणीत घोर पापाने कृपेचे जीवन तुटते आणि प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा जोडले जाते. पडल्यावर लपून बसू नका, ताबडतोब परत या, हे मात्र तिघेही सांगतात.

आता व्यवहाराचे. पाप कबूल करूनही सवय सुटत नसेल तर ती कधी आणि कुठे होते ते आठवडाभर लिहून ठेवावे: वेळ, जागा, आधी काय घडले. बहुतेकांच्या कागदावर तेच चित्र उमटते. रात्री अकरानंतर, एकट्याने, दमलेल्या किंवा चिडलेल्या अवस्थेत, हातात मोबाइल. मग मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जायचे आणि गजराचे साधे घड्याळ घ्यायचे. याकोब ५:१६ एकमेकांपाशी कबुली द्यायला सांगते, म्हणून एकच विश्वासू माणूस निवडावा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई. त्याने आठवड्यातून एकदा थेट विचारावे. ‘काही बोलायचंय का?’ असे मोघम विचारले तर ‘ठीक चाललंय’ एवढेच उत्तर मिळते.

दारूची गोष्ट वेगळी. रोज भरपूर पिणाऱ्याने उपवास-प्रार्थनेच्या भरात एका रात्रीत बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे, प्रसंगी जिवावर बेतणे असे होऊ शकते. हे दुष्टात्म्याचे काम समजून कोंडून ठेवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. येरवड्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. तिथे जाणे म्हणजे विश्वास कमी पडला असे मुळीच नाही.

पवित्र जगायचे म्हणजे काय काय सोडायचे? सिनेमा, टिकली, दागिने?

सोडायच्या गोष्टींची यादी मागणे सोपे, कारण यादी पाळता येते आणि शेजाऱ्याची तपासताही येते. शास्त्र पवित्रतेचे वर्णन कसे करते ते पाहायला लेवीय १९ उघडा. ‘पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ अशी सुरुवात आहे आणि लगेच खाली येते: शेताच्या कडा कापू नका, गरिबांसाठी ठेवा (ओवी ९-१०). मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका (१३). चहाड्या करत फिरू नका (१६). वजनमापात खोट करू नका (३५-३६).

पुण्यात याचा अर्थ काय? धुणेभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार ठरल्या तारखेला, त्यांनी मागायच्या आत. चार दिवस गावाला गेल्या म्हणून न ठरवता कापलेले पैसे लेवीयाच्या हिशेबात चोरी ठरतात. भाजीच्या गाड्यावर काटा आपल्या बाजूला झुकला तर ते सांगणे. भाडेकरूची अनामत रंगाच्या खोट्या बिलात न जिरवणे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या मुलीबद्दल आलेला मजकूर पुढे न ढकलणे. उपासनेत हात उंचावून गाणाऱ्या माणसाच्या दुकानातला नोकर तीन महिने पगाराविना असेल, तर त्या गाण्याबद्दल संदेष्टा आमोसाने ५:२१-२४ मध्ये जे लिहिले ते त्याला लागू आहे.

टिकली-दागिन्यांबद्दल तीमथ्याला पहिले पत्र २:९ आणि पेत्राचे पहिले पत्र ३:३-४ साधेपणा सांगतात, भपक्याला नको म्हणतात. बऱ्याच मराठी ख्रिस्ती बायका क्रूस ओवलेले मंगळसूत्र घालतात, काही काहीच घालत नाहीत. दोघींनी एकमेकींचे तारण मोजू नये. सिनेमाचे म्हणाल तर पाहिल्यानंतर मनात काय घोळत राहते ते प्रत्येकाला स्वतःचे ठाऊक असते.

इब्री लोकांस १२:१४ म्हणते की पवित्रतेवाचून कोणालाही प्रभू दिसणार नाही. हे वचन गुळगुळीत करू नये. पवित्रता ऐच्छिक नाही. पण ती येते क्षमा मिळालेल्याच्या आयुष्यात, पवित्र आत्म्याने, आणि बहुधा सावकाश. वेस्ली ज्याला परिपूर्ण पवित्रता म्हणत, तिचा अर्थही चुका न होणे असा नव्हता. देवावर आणि शेजाऱ्यावर अखंड प्रेम, असा होता.

शेजारी गणपतीचा प्रसाद देतात. घ्यावा का? वर्गणीचे काय?

दर भाद्रपदात येणारा प्रश्न. करिंथ शहरात अगदी हीच अडचण होती आणि पौलाने त्यावर तीन अध्याय खर्ची घातले (करिंथकरांस पहिले पत्र ८ ते १०). त्याने प्रसंग वेगळे केले. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा (१०:२५). कोणी घरी जेवायला बोलावले तर समोर येईल ते खा (१०:२७). पण ‘हे मूर्तीला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२८). आणि मूर्तीच्या पंगतीत, पूजेचा भाग म्हणून, सहभागी होऊ नका (१०:२०-२१).

त्यावरून: वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जेवायला जायला हरकत नाही, ताटातल्या प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी करू नये. आरतीनंतर ‘हा बाप्पाचा प्रसाद’ म्हणून हातावर ठेवला जातो तो हात जोडून नाकारावा. नाकारताना तिथेच प्रवचन देऊ नये. ‘काकू, प्रसाद नको, पण नैवेद्याआधी बाजूला काढलेले मोदक असतील तर दोन नक्की द्या’ असे म्हटले तर काकू हसतात आणि खरोखरच देतात. पूजेला बसणे, आरतीचे तबक फिरवणे हे मात्र नाही. काही मंडळ्या कोणत्याही रूपात अजिबात खाऊ नये असे शिकवतात. त्यांच्यातल्या माणसासमोर मुद्दाम खाऊन दाखवणे हे ८:१३ च्या विरुद्ध आहे.

वर्गणीबाबत, पूजेऐवजी रक्तदान शिबिरासाठी, मुलांच्या स्पर्धांसाठी किंवा सुरक्षारक्षकांच्या जेवणासाठी तेवढीच रक्कम द्यायची तयारी आधीच, मंडप पडायच्या आत, अध्यक्षांना भेटून सांगावी. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसह कित्येकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचे प्रकरण, आले होते. एका कपावरून किती काळ वाद चालू शकतो हे या शहराला चांगले ठाऊक आहे, तेव्हा आपण त्यात भर घालू नये.

विश्वासाने जगायचे म्हणजे नोकरी सोडायची का?

‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे हबक्कूक २:४ चे वाक्य नव्या करारात तीनदा येते (रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११, इब्री लोकांस १०:३८) आणि एकाही ठिकाणी ते राजीनाम्याबद्दल नाही. पौल तंबू शिवत असे. काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, हेही त्याचेच (थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र ३:१०). केडगावला रमाबाई प्रार्थनेवर विसंबल्या, आणि तिथे विहिरी, शेती, विणकाम आणि छापखानाही होता.

हिंजवडीत रविवारी शिफ्ट असते, हा पोटप्रश्न. पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांना रविवारी सुट्टी नव्हती. ते पहाटे किंवा संध्याकाळी जमत. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी धरली जाते. बाकीच्यांनी रविवार संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरसभा पक्की करावी, आणि दर तीन महिन्यांनी शिफ्ट बदलून मागावी. वर्षभर ‘ऑनलाइन पाहतो’ म्हणणारा हळूहळू तुटतो, कारण आजारी पडल्यावर डबा घेऊन येणारे कोणी त्याच्या ओळखीचे राहत नाही.

आजारपणात औषध घेतले तर विश्वास कमी पडतो का?

नाही, आणि याबाबत आम्हाला मवाळ भाषा वापरायची नाही. याकोब ५:१४ वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगते; ते करावे. पण पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारी सोडले (तीमथ्याला दुसरे पत्र ४:२०). स्वतःच्या ‘देहातल्या काट्या’बद्दल, म्हणजे सतत छळणाऱ्या एका त्रासाबद्दल, त्याने देवाला तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले. या सगळ्यांचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

क्षयाच्या साध्या प्रकाराचे उपचार सहा महिन्यांचे असतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, कोणीतरी ‘चमत्कार झाला, आता गोळ्या कशाला?’ म्हणते, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाला न जुमानणारा क्षय परत येतो. इन्सुलिन, मिरगीच्या गोळ्या, मनोविकाराची औषधे यांचेही तसेच. बरे झाल्याची खात्री तपासणीने करावी. कुष्ठरोग्यालाही येशूने याजकाला जाऊन दाखव असे सांगितले होते (मत्तय ८:४).

दशमांश द्यायलाच हवा का? किती?

मलाखी ३:१० मधला दशमांश मंदिराच्या कोठारातल्या धान्याचा होता, आणि अनुवाद या पुस्तकातल्या १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी होता. नव्या करारात टक्केवारीची सक्ती नाही; मिळकतीप्रमाणे नियमित बाजूला काढावे (करिंथकरांस पहिले पत्र १६:२) आणि खुशीने द्यावे (दुसरे पत्र ९:७). दहा टक्के ही सुरुवात म्हणून चांगली सवय आहे. हातात ३०,००० येत असतील तर ३,०००. पण क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढत असेल तर आधी ते फेडावे, तोवर ३०० द्यावे. उसने काढून दिलेला दशमांश देवाला नको आहे. ‘दहा हजार पेरा, लाख उगवतील’ ही शिकवण लॉटरीची आहे.

रोजचे मनन कसे करावे? सुरू करतो आणि फेब्रुवारीत बंद पडते.

उत्पत्तीपासून सुरू केले की फेब्रुवारीत लेवीय येते, म्हणून. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत होतो, आणि शनिवार-रविवार राहिलेले भरून काढायला मोकळे राहतात. जोडीला एक स्तोत्र. वीस मिनिटे पुरतात: दहा वाचायला, पाच गप्प बसायला, पाच प्रार्थनेला. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतला अनुवाद घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

रात्रीसाठी येशूसंघीयांची आत्मपरीक्षणाची रीत कोणत्याही मंडळीच्या माणसाला उपयोगी आहे. आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस सकाळपासून क्रमाने आठवणे, चुकले त्याची क्षमा मागणे, उद्याची एक गोष्ट ठरवणे. दहा मिनिटे. बसून करावे, आडवे होऊन केले तर तिसऱ्या पायरीवर झोप लागते.

प्रार्थनेत काहीच वाटत नाही. विश्वास संपला का?

भावना कमीजास्त होतात. तारण त्यांवर उभे नाही. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवले नाही (मार्क ९:२४). मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातले लक्ष सगळेच गेले असेल तर तो आजार असू शकतो, डॉक्टरांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

घरच्यांना कसे सांगू?

हळू, आणि वागण्यातून आधी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हादरून गेल्या, काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, आपल्या विचाराने. घाई करणाऱ्यांनी मधली वर्षे मोजावीत. देवघरातल्या मूर्ती हलवणे, आईच्या उपवासावर टीका करणे हे टाळावे. घर तिचे आहे. श्राद्ध, अग्नी देणे यांबद्दल वडील धडधाकट असतानाच भावाशी बोलून ठेवावे: खांदा देईन, खर्च उचलेन, आईजवळ राहीन, विधी मात्र तू कर. स्मशानात उभे राहून हा वाद घालण्याइतकी वाईट साक्ष दुसरी नाही.

कोणत्या मंडळीत जावे? कोणती टाळावी?

पुण्यात निवड भरपूर आहे, मराठी उपासनाही बऱ्याच ठिकाणी होते. सहा रविवार सलग एकाच ठिकाणी जावे. पाहावे: शास्त्र वाचून समजावले जाते का, क्षमा आणि पवित्रता दोन्ही शिकवल्या जातात का, गरिबाला पुढच्या बाकावर जागा मिळते का.

टाळायची लक्षणे स्पष्ट आहेत. फक्त आमच्याकडेच तारण आहे असे म्हणणे. औषधे किंवा आईवडील सोडायला लावणे. लग्न कोणाशी करायचे ते ‘दर्शनात’ ठरवणे. बंद दाराआड एकट्या मुलीचे समुपदेशन. पुढाऱ्याला प्रश्न विचारला की ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन तोंडावर फेकणे. आणि पैशाचा हिशेब न दाखवणे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तेव्हा ‘गेल्या वर्षीचा अहवाल पाहायला मिळेल का?’ असे नम्रपणे विचारावे. चांगल्या मंडळीचे खजिनदार चहा मागवतात आणि फाईल काढतात.